नाना पुन्हा कधी?

शनिवार, १६ डिसेंबर १९७२. पुणे, सदाशिव पेठ. भरत नाट्य मंदिराच्या आवारात तुम्ही उभे आहात. अंगात स्वेटर आहे, तरी गार वाटतंय. भिंतीकडेला सायकली अशा लावल्यात की आपली काढायची तर शेजारच्या चार हलवाव्या लागतील. पाऊस झालेलाच नाही यंदा. पेपरात रोज कोरड्या विहिरी, खडी फोडायच्या कामावर गेलेली गावंच्या गावं, रेशनवर आलेला तो तांबडा मिलो. सकाळी तुम्हीही पिशवी घेऊन त्याच रांगेत होतात. आणि आता संध्याकाळी नाटकाला आलात, कारण पुण्यात दुष्काळातसुद्धा नाटक चुकवायचं नसतं आणि आजचं नाटक विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' आहे.

संस्था पीडीए. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन असं पूर्ण नाव कुणी घेत नाही. भालबा केळकरांची संस्था, हौशी पण शिस्तीची, तिची नाटकं तुम्ही आधी पाहिलेली आहेत. जब्बार पटेल हे नावही ओळखीचं आहे : बी. जे. मेडिकलमधून बाहेर पडलेला मुलांचा डॉक्टर, वय तीस. ऐकलंय ते असं की दौंडला दवाखाना चालवायचा आणि आगगाडीनं पुण्यात तालमीला यायचं, असा त्याचा क्रम. नाना फडणवीस करणारा मोहन आगाशे त्याच कॉलेजातला, वय पंचवीस. पंचविशीतला पोरगा उतारवयातला विषयलंपट कारभारी करणार, यावर बाहेर थोडी चर्चा झालीच. मग घंटा झाली आणि सगळे आत गेले.

पडदा वर जातो. नेपथ्य दिसतच नाही. दिसतात ती माणसं, एका ओळीत उभी. बारा ब्राह्मण, धोतर नेसलेले, गाणारे, डुलणारे. तुम्ही वाट पाहता की आता ही माणसं बाजूला होतील आणि मागचा वाडा दिसेल. ती बाजूला होत नाहीत. तीच वाडा आहेत. हळूहळू तुमच्या ध्यानात येतं की ही भिंत आहे, माणसांची भिंत. ती पाठ फिरवते तेव्हा तिच्यामागे काहीतरी चाललेलं असतं. ती तुमच्याकडे तोंड करते तेव्हा इतकी सोज्वळ दिसते की काही घडलंच नाही असं वाटावं. कोकणातल्या खेळ्यांची आणि दशावताराची ही रीत तेंडुलकरांनी शहरी रंगमंचावर आणली आहे. भास्कर चंदावरकर, जे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवतात, त्यांनी कीर्तनाला लावणी अशी चिकटवून बसवली आहे की टाळ कधी थांबले आणि ढोलकी कधी लागली हे कळत नाही. कृष्णदेव मुळगुंदांची पावलं आहेत. हे तुम्ही नंतर कार्यक्रमपत्रिकेत वाचाल. या क्षणी तुम्ही फक्त खुर्चीच्या कडेला सरकून बसला आहात.

आणि नाना येतो.

आगाशे चालत येत नाही, तो नाचतच शिरतो. पाऊल तालावर पडतं, पण त्यात बाईच्या मागे लागलेल्या म्हाताऱ्याची एक घाई आहे, आणि त्या घाईवर सत्तेचा रुबाब चढवलेला आहे. बावनखणीत गुलाबी या कलावंतिणीबरोबर नाचताना त्याचा पाय मुरगळतो. सगळी मैफल थबकते. तेवढ्यात कनौजहून आलेला एक परका ब्राह्मण पुढे होतो आणि तो पाय स्वतःच्या हातांवर झेलतो. रमेश टिळेकरांचा घाशीराम. नाना खाली बघतो. हे बघणं जवळून पाहण्यासारखं आहे : आधी दुखरा पाय, मग त्याखालचे हात, मग त्या हातांचा माणूस. आगाशेच्या चेहऱ्यावर कळ आहे, ती ओसरताना तिच्या जागी एक हिशेब येतो. काही बोलायच्या आत नानानं या माणसाचा उपयोग ठरवून टाकलेला आहे. गळ्यातला कंठा काढून तो बक्षीस देतो. पुढे जे जे होतं, घाशीरामचा अपमान, त्याचा सूड, मुलीच्या बदल्यात मिळालेली कोतवाली, तापलेल्या गोळ्याचं ते दिव्य, सगळ्याचं बीज या एका नजरेत आहे.

नंतर बागेतला प्रसंग येतो. घाशीरामच्या मुलीच्या, गौरीच्या मागे नाना लागतो तेव्हा तीच बारा माणसं झाडं होतात. नाना त्यांच्यामधून वाट काढतो, वाकतो, लपतो, डोकावतो. एक पाऊल चुकलं तर झाडाला धडकेल आणि प्रसंग हास्यास्पद होईल. धडकत नाही. इथे तुम्हाला समजतं की या नानाला या भिंतीपासून वेगळं काढता येणार नाही. नट चांगला आहे, तो दुसऱ्या कुठल्याही नाटकात चांगलाच असेल. दिग्दर्शकही दुसऱ्या नटाला घेऊन काही उत्तम बसवेल. पण हा नाना मात्र जब्बार पटेलांनी त्या भिंतीला दिलेल्या श्वासावर चालतो, आणि ती भिंत आगाशेचं पाऊल ओळखून उघडते आणि मिटते.

शेवटी जमाव खवळतो, नाना घाशीरामच्या मरणाच्या हुकमावर सही करतो, आणि ज्यानं कोतवाल घडवला तोच तो मोडून मोकळा होतो. गोरा साहेब हे सगळं बघत असतो. तुम्ही बाहेर येता. लक्ष्मी रोडनं घरी जाताना बेलबागेवरून जावं लागतं, खऱ्या नाना फडणवीसांनी बांधलेल्या देवळावरून. आज तिथे पाऊल जरा रेंगाळतं.

आता काही आठवडे पुढे या. १९७३ उजाडलं आहे.

एकोणीस प्रयोग झाले आणि नाटक बंद झालं. संस्थेच्या अध्यक्षांनी थांबवलं. सरकारनं बंदी घातली नाही, पोलीस आले नाहीत. आपल्याच माणसांनी थांबवलं, आणि म्हणून पेठेत बोलणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून बोलतो. तुम्ही अमृततुल्यात बसला आहात. पितळी भांड्यात चहा उकळतो आहे, त्यात वेलदोडा पडलाय. शेजारच्या बाकावर एक निवृत्त मास्तर आहेत. टोपी मांडीवर काढून ठेवलेली.

"बरं झालं थांबवलं," ते म्हणतात. "पानिपतानंतर हे राज्य ज्यानं सावरलं, बारभाईंच्या कारभारात ज्यानं रघुनाथरावाला आवरलं, त्याला तुम्ही बाईच्या मागे नाचवता? मी मध्येच उठून आलो."

त्यांचा आवाज कापतो आहे, आणि त्यांना खरंच लागलेलं आहे. या माणसाला हसून उडवून लावू नका. त्यांनी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, नाना हा त्यांच्या घरातला वडीलधारा आहे. घाशीराम सावळदास खराच पुण्याचा कोतवाल होता, कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर १७९१ साली लोकांनी त्याला दगडांनी ठेचला, हे ते नाकारत नाहीत. नाना असे नव्हते, एवढंच त्यांचं म्हणणं.

समोरच्या बाकावर एस. पी. कॉलेजची मुलगी आहे, मैत्रिणीबरोबर. ती नम्रपणे, पण न दबता बोलते. "सर, पण हे ऐतिहासिक नाटक नाही, असं लेखकानंच म्हटलंय ना? यात नाना कोण होते हा प्रश्नच नाही. सत्तेतली माणसं घाशीराम कसे तयार करतात, हा आहे. ते तर आजही करतात."

मास्तर चहा संपवतात, टोपी घालतात. जाता जाता वळून विचारतात, "तू किती वेळा पाहिलंस?"

"तीनदा. चौथ्यांदा जाणार होते."

मला त्या मुलीचं पटतं, आणि तेवढ्याच ठामपणे वाटतं की मास्तरांच्या दुःखाला उत्तर द्यायला प्रयोग चालूच राहायला हवे होते. बंद नाटकाशी भांडता येत नाही. मास्तरांनाही नाही. शेवटपर्यंत पाहून मगच चिडायचा त्यांचा हक्कही या बंदीबरोबर गेला.

मास्तर गेल्यावर मुली हळू बोलतात, आणि तुम्ही ऐकता, कारण तुमच्याही मनात तेच आहे. जब्बार आणि आगाशे पुन्हा करतील का? कुठल्या संस्थेत? त्यांना नाट्यगृह कोण देईल? भिंतीतली माणसं नोकरी-धंद्याची आहेत. एक बँकेत लागला, एकाची बदली झाली, एकाचं लग्न ठरलं, की भिंतीला खिंडार. आगाशे मानसोपचाराकडे वळलेला डॉक्टर, ससूनच्या वॉर्डात रुग्ण वाट बघतायत. जब्बार पटेल कायमचे दौंडला रमले तर? कुणी तरी म्हणतं की ते सिनेमाकडे जाणार आहेत. तुम्ही भविष्यातून आला आहात, ही वावडी नाही हे तुम्हाला माहीत आहे. 'सामना' येणार आहे, तेंडुलकरांच्याच पटकथेवर, आणि त्यात आगाशेही असणार आहे. पण ते सांगायची सोय नाही. सांगितलं तर त्यांना वाटेल, म्हणजे नाटक गेलंच.

पुस्तक गेलं तर दुसरी प्रत मिळते. हे तसं नाही. संहिता हातात घेऊन बसलात, तरी बारा माणसांनी एकदम पाठ फिरवल्यावर पोटात जो गोळा येतो तो कागदावर येणार नाही. नाटक ज्यांनी उभं केलं ती माणसं पांगली, की जे पाहिलं ते पाहिलेल्यांच्या अंगातच उरतं, आणि पाहणारेही म्हातारे होतात. या हळहळीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. म्हणून वाट बघणारा प्रेक्षक मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या हातात काही नाही, तो तालमीला जागा देऊ शकत नाही, तरी तो विचारत राहतो.

आणि पुण्यात विचारणारे पुष्कळ होते. तुम्ही त्या उन्हाळ्यात फिरून बघा. वाचनालयात पुस्तक बदलताना कुणी विचारतं, दुसऱ्या नाटकाच्या मध्यंतरात विचारतं, ससूनच्या ओपीडीत औषधाची चिठ्ठी घेता घेता एखादा जरा धीर करून विचारतो, "डॉक्टर, नाना पुन्हा कधी?" तो प्रश्न बहुधा हसण्यावारी जात असेल. पण दिवसाकाठी तो दहांनी विचारला, तर माणूस तो घरी घेऊन जातोच.

मंगळवार, २७ मार्च १९७३. जागतिक रंगभूमी दिन. पीडीएतून बाहेर पडलेल्या मंडळींनी नवी संस्था काढली, थिएटर अ‍ॅकॅडमी. बातमी तुम्हाला कानोकानी समजते. जब्बार पटेल आहेत, मोहन आगाशे आहे, सतीश आळेकर आहेत, भिंतीतली आणि गाण्यातली बरीच मंडळी आहेत. सगळे बरोबर आहेत, हे ऐकून तुम्ही सायकलवरून उतरता आणि बातमी सांगणाऱ्याला ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावता.

पण संस्था निघाली म्हणजे प्रयोग झाला असं नाही. आता लांबलचक महिने आहेत. त्यांच्यावरून तुम्हाला मी भरभर नेतो, कारण वाट बघण्यात सांगण्यासारखं फारसं घडत नसतं. जून आला आणि या वर्षी पाऊस पडला. मुठेला पाणी दिसलं. गणपती झाले, मांडवांत मेळ्यांऐवजी आता सिनेमाची गाणी वाजतात म्हणून मास्तरांनी खंत केली. दिवाळी अंक आले. ती कॉलेजची मुलगी तुम्हाला दोनदा दिसली. दुसऱ्यांदा तिनं तुम्हाला ओळखलं, आणि नमस्कार वगैरे काही न करता थेट विचारलं, "काही कळलं का?" तुम्ही मान हलवलीत. एवढीच ओळख, पण घरच्या माणसांशीही या विषयावर इतकं मोकळं बोलणं होत नाही. घरी म्हणतात, एक नाटक ते, दुसरं बघा. शहरात दुसरी नाटकं आहेत, चांगली आहेत, तुम्ही ती पाहिलीत. एखाद्या प्रवेशात नट थांबला की मात्र वाटून जातं, इथे भिंत असती तर ती आत्ता डुलली असती.

शुक्रवार, ११ जानेवारी १९७४. घाशीराम पुन्हा उभा राहतोय.

यंदा आवारातली माणसं पहिल्या रात्रीसारखी उत्सुक नाहीत, ती काळजीत आहेत. पहिल्या रात्री काय बघायचंय ते माहीतच नव्हतं, म्हणून अपेक्षा नव्हती. आज प्रत्येकाच्या डोक्यात एक पूर्ण प्रयोग आहे, आणि वर्षभर आठवून आठवून त्यानं तो आणखी सुंदर करून ठेवला आहे. खऱ्या नटांनी आता या आठवणीशी टक्कर द्यायची आहे. मधल्या काळात पायातला ताल गेला असेल तर? वादानं मंडळी बिथरली असतील, नानाचं लंपटपण जरा सौम्य केलं असेल तर? पुन्हा भेट झाली आणि ती पूर्वीसारखी नसली, तर ताटातूट बरी म्हणायची वेळ येते. नाटकवेड्या माणसाला हीच धास्ती सगळ्यात जास्त असते.

दिवे मंदावतात. मृदंग. ओळ उभी आहे. तुम्ही नकळत माणसं मोजता. डावीकडून तिसरा चेहरा वेगळा वाटतो का? कदाचित तुमच्या डोळ्यांचा भास. भिंत पाठ फिरवते आणि तो गोळा पोटात येतो, अगदी त्याच जागी.

मग आगाशे. तो शिरतो आणि सभागृहात टाळ्या पडत नाहीत. श्वास घेतल्याचा आवाज येतो, शेकडो माणसांनी एकदम घेतलेला. पाऊल तेच आहे, फक्त त्यात आता घाई थोडी कमी आहे. आधीचा नाना बाईच्या मागे धावायचा. हा जाणतो की बाग त्याचीच आहे, झाडंही त्याचीच आहेत, कुठे पळणार. बिलकूल सौम्य झालेला नाही, उलट जास्त भयंकर झालाय. घाशीरामच्या हातांवर पाय ठेवल्यावरची ती नजर तुम्ही आज टिपायचीच असं ठरवून आला होतात. पण ती येते तेव्हा तुम्ही टिपत नाही, तिच्यात सापडता. भिंत तिच्या बाजूनं किंचित वाकते, जणू बारा माणसांनाही तो हिशेब आत्ताच समजला. हे त्या रात्री होतं की आज नवीन बसवलंय? तुम्हाला आठवत नाही, आणि ते न आठवणं फार सुखाचं आहे, कारण त्याचा अर्थ ही मंडळी आठवणीतला प्रयोग करत नाहीयेत. आजचा करतायत.

मध्यंतरात ती मुलगी जिन्याशी दिसते. डोळे लाल आहेत. तिच्या शेजारी, तुम्हाला खरं वाटणार नाही, मास्तर. टोपी हातात.

"शेवटपर्यंत बसणार आहे आज," ते तुम्हाला सांगतात. "नाना असे नव्हते. ते मी बदलत नाही. पण हा पोरगा..." आणि वाक्य सोडून देतात. मुलगी त्यांच्यासाठी पाणी आणायला जाते.

दुसरा अंक झाला. जमाव उसळला, सही झाली, घाशीराम पडला. टाळ्या पडल्या, भरपूर. आता बाहेर थंडी आहे आणि माणसं हलत नाहीयेत. कुणी म्हणतंय नानाचा नाच पूर्वीपेक्षा चढला, कुणी म्हणतंय घाशीरामचा शेवट. एक जण चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्या गळ्याचं कौतुक करतोय, मोठ्यानं, दोन्ही हात हलवत. तुम्हाला या सगळ्यांना सांगावंसं वाटतं की याच वर्षी नोव्हेंबरात ही संस्था आळेकरांचं 'महानिर्वाण' आणणार आहे. १९७८ साली याच जब्बारांकडून 'तीन पैशाचा तमाशा' येणार आहे. १९८० साली घाशीराम युरोपात निघेल तेव्हा पुन्हा गदारोळ होईल, तरी ही भिंत बर्लिनमध्ये उभी राहील, आणि मराठीचा एक शब्द न समजणारी माणसं ती पाठ फिरवताना गप्प होतील. नव्वदचं दशक लागेपर्यंत हाच नाना, हाच आगाशे, केस पांढरे होत जाताना त्याच पावलांनी नाचत राहील आणि नानाच्या वयाकडे सरकत जाईल.

यातलं काहीच तुम्ही बोलत नाही. कारण मुलगी तुम्हाला विचारते आहे, "पुन्हा थांबवणार तर नाहीत ना?" आणि तिच्या विचारण्यात इतका जीव आहे की तारखांचं उत्तर तिला पुरणार नाही.

"पुढचा प्रयोग कधी आहे ते आधी बघू," मास्तर म्हणतात.

खिडकीपाशी एवढ्या रात्री तिकिटं मिळत नाहीत, हे तिघांनाही ठाऊक आहे. तरी तिघे तिकडे निघता, पुढच्या तारखेची पाटी लागली आहे का बघायला.